येलोस्टोनला आई-बाबांना न्यायचंय ना, मग ती एक्सेल शीट आधी बंद कर

पत्र थोडक्यात असं आहे: "काकू, मी मूळचा औसा तालुक्यातला, सध्या अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीत नोकरीला. आई-बाबा पहिल्यांदाच इकडं येणारेत, मे ते ऑक्टोबर. ४ जुलैच्या लाँग वीकेंडला तीन दिवसांत येलोस्टोन नॅशनल पार्क करायचा प्लॅन आहे, एक्सेलमध्ये २३ पॉइंट काढलेत, सोबत शीटचा फोटो जोडलाय. बाबा ६८ चे, रिटायर्ड मास्तर, बीपी आणि शुगर दोन्ही. आईचा गुडघा दुखतो. दोघं शुद्ध शाकाहारी. बाबा रोज फोनवर विचारायलेत की वाघ दिसतो का, आणि आई म्हणते जिथं जमिनीतून वाफा निघतात तिथं मी पाय ठेवणार नाही, किल्लारी बघितलीय मी. कसं जमवू?"

अरे लेकरा,

पत्र वाचलं, शीटचा फोटो पण चष्मा लावून, झूम करून नीट बघितला. पहिल्या दिवशी सकाळी साडेसहा ते रात्री नऊ, चौदा पॉइंट, आणि जेवणाला पंचवीस मिनिटं. ही ट्रिप आहे का स्कॉलरशिपची परीक्षा? येलोस्टोन ८,९८३ चौरस किलोमीटरचं आहे बाळा, आपला अख्खा लातूर जिल्हा ७,१५७ चा. म्हणजे उद्या कुणी पाहुणा आला अन् म्हणला की मला उदगीर, निलंगा, औसा, खरोसा, चाकूर, अहमदपूर सगळं अर्ध्या अर्ध्या तासात दाखव, तर तू त्याला काय म्हणशील? तेच मी तुला म्हणायलेय.

आणि मला हसायचा अधिकार आहे कामून की हेच शहाणपण आम्ही करून बसलोय. काही वर्षांमागं लेक-जावयाकडं गेलो होतो, जावईबापू लई उत्साही, त्यांनी पण अशीच यादी काढलेली. पहाटे उठवून गाडीत घातलं आम्हाला. ग्रँड प्रिझमॅटिक म्हणून तो जगप्रसिद्ध रंगीत झरा आहे ना, तिथं सकाळी आठला पोचलो, थंडी अशी की दात वाजायलेत, आणि गरम पाण्यावर थंड हवा म्हणल्यावर नुसती पांढरी वाफ. रंग बिंग काही नाही, पंढरपूरला जाऊन पांडुरंगापुढं पडदा ओढलेला बघून यावं तसं. मग ओल्ड फेथफुल, म्हणजे थांबून थांबून उडणारं ते गरम पाण्याचं कारंजं, तिथं पोचलो तर लोक उठून पार्किंगकडं यायलेले, म्हणजे कारंजं आत्ताच झालं. पुढचं दीड तासानं. जावई म्हणले तेवढा टाइम नाही, पुढं चला. संध्याकाळपर्यंत अकरा पॉइंट झाले आणि मला आज त्यातली सगळ्यात नीट आठवतात ती पार्किंगची मैदानं. रात्रीचं हॉटेल स्वस्त म्हणून पार्कपासून दीड तास लांब घेतलेलं, तिथं पोचलो तर खोलीचं हिटर बंद, आणि काउंटरवरचा पोरगा म्हणतो सकाळी बघू.

दुसऱ्या दिवशी आमच्या ह्यांनी संप केला. म्हणले मी त्या बाकावर बसतो, तुम्ही या फिरून. त्यामुळं झक मारून सगळेच बसलो, आणि खरं येलोस्टोन मला त्या बाकावर दिसलं.

ओल्ड फेथफुलभोवती अर्धगोल लाकडी बाक आहेत. समोर राखाडी-पांढरा उंचवटा, वारुळासारखा, त्यातनं बारीक वाफ. बराच वेळ काहीच होत नाही. मग मध्येच पाच-सहा फूट पाणी उडतं, चारशे माणसं एकदम मोबाईल वर करतात, पाणी खाली बसतं, चारशे मोबाईल खाली. असं तीनचारदा झालं. आमच्या शेजारी पिशवी ठेवलेली, त्यात दशम्या. एक भला मोठा डोमकावळा टुणटुण करत आला आणि चोचीनं पिशवीची चेन ओढायला लागला, अगदी सराईत हातानं... म्हणजे चोचीनं. तिथले डोमकावळे ह्या कामात प्रसिद्धच आहेत, बॅगा उघडतात. हे म्हणले, आपल्याकडं पितृपक्षात दोन दोन तास हात जोडून बोलवावं लागतं आणि इथं बघ. आम्ही कावळा हाकलायच्या नादात आणि तेवढ्यात ते उठलं. वर, वर, अजून वर, आणि वर गेल्यावर ते पाणी राहत नाही रे, त्याची वाफ वाऱ्यानं एका अंगाला झुकते आणि थेंब सरसर करत परत जमिनीवर पडतात, त्याचा आवाज पत्र्यावरच्या पावसासारखा. दोन-तीन मिनिटं चाललं असेल. ह्यांनी टोपी काढली होती डोक्यावरची, मला माहीत नाही का, त्यांना पण माहीत नसेल.

तर मुद्दा काय, तिथल्या सगळ्यात बघण्यासारख्या दोन गोष्टी, कारंजी आणि जनावरं, दोन्ही आपल्या टायमावर येतात, तुझ्या शीटच्या नाही. ओल्ड फेथफुल साधारण दीड तासानं उडतं, कधी तासानं, कधी पावणेदोन तासानं, ३२ ते ५६ मीटरपर्यंत. रेंजर लोक पुढची वेळ फळ्यावर लिहितात, दहा मिनिटं इकडं-तिकडं धरून चालायचं. तेवीसपैकी सहा ठेव. सतरा पुसून टाक. मन घट्ट कर अन् पूस.

आता तारीख. ४ जुलै अजिबात नको. ती त्या लोकांची मोठी सुट्टी, पार्किंग मिळायची नाही, बाबा गाडीत बसून शुगर वाढवून घेतील. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी त्यांचा लेबर डे असतो, तो झाला की पोरांच्या शाळा सुरू असतात, गर्दी बरीच उतरते. फक्त कॅलेंडरमध्ये महालक्ष्म्या कधी आहेत ते आधी बघ, कारण सॉल्ट लेकमध्ये का असेना, आई महालक्ष्म्या उभ्या करणार म्हणजे करणार, आणि त्या तीन दिवसांत तू तिला येलोस्टोन सोड, कोपऱ्यावरच्या दुकानात पण नेऊ शकणार नाहीस. त्या उरकल्या की पुढचा शुक्रवार धर. सप्टेंबरचा अजून एक फायदा म्हणजे एल्कचा माजाचा हंगाम असतो, आपल्या सांबरापेक्षाही थोराड हरणं ती, संध्याकाळी नर ओरडतात, त्याला बिगुल म्हणतात पण आवाज गंजलेलं फाटक उघडल्यासारखा. मॅडिसन नदीच्या कडेनं गाडी हळू ठेवली तर बऱ्यापैकी ऐकू येतो.

थंडी मात्र धर हिशोबात. ओल्ड फेथफुलचा भाग सव्वादोन हजार मीटरच्या आसपास आहे, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास, यावरून कल्पना कर. सप्टेंबरात रात्री पाणी गोठतं, आणि बर्फ तर तिथं कुठल्याही महिन्यात पडू शकतो. बाबांना स्वेटरवर जॅकेट, कानटोपी, आणि आईला साडीच नेसायची असेल तर आतून थर्मल आणि पायात मोजे-बूट, चप्पल चालणार नाही. वाद घालील. घालू दे. तुझं सॉल्ट लेकच तेराशे मीटरवर असल्यानं दोघांना उंचीची थोडी सवय झालेली असेल ते एक बरं, तरी बीपीचं डॉक्टरांना आधी विचार, पाणी पाजत राहा, गोळ्यांची पिशवी डिकीत नको, हातात. पार्कमध्ये ओल्ड फेथफुल, लेक व्हिलेज आणि मॅमथ इथं दवाखाने आहेत, सीझनला उघडे असतात, पण व्हिजिटर इन्शुरन्स काढल्याशिवाय आई-बाबांना विमानातच बसवू नको, हे येलोस्टोनपुरतं नाही सांगायलेय.

तीन दिवस म्हणालास ना, सोमवारची एक सुट्टी जोडून चार कर, साहेबाच्या पाया पडावं लागलं तरी. सॉल्ट लेकहून आयडाहो फॉल्सवरून वेस्ट येलोस्टोन गाव पाच तासांचं आहे, ते तू गुगलवर बघितलंच असशील, पण त्यात आई-बाबांचे थांबे मिळव, सात धर. शुक्रवारी सकाळी निघा, दुपारी पश्चिम गेटनं आत, मॅडिसनवरून डावी-उजवीकडं बघत ओल्ड फेथफुल, अंतर तीसच मैल आहे पण तास लागतो कारण वेग ४५ मैलांच्या वर नेता येत नाही आणि मध्ये गवे रस्त्यात उभे असतात. संध्याकाळच्या उन्हातलं कारंजं बघायचं, तेव्हा दिवसभराची बसवाली गर्दी निघून गेलेली असते.

मुक्काम दोन्ही रात्री पार्कच्या आत, ओल्ड फेथफुलच्या जवळ. महाग पडतं, हो. पण आमच्यासारखं दीड तास लांब राहिलास तर रोजचे तीन तास गाडीतच गेले. आतल्या खोल्या लोक वर्ष-वर्ष आधी बुक करून ठेवतात, आता बघशील तर सगळं फुल दिसेल, पण कॅन्सलेशन होत राहतं, रोज रात्री झोपायच्या आधी एकदा साइट उघडायची सवय लाव, क्रिकेटचा स्कोअर बघतोस तसं. ओल्ड फेथफुल इन मिळालं तर सोनं. १९०४ मध्ये उघडलेलं, सबंध ओंडक्यांचं, आतला हॉल असा उंच की मान दुखते. टीव्ही नाही खोलीत, बाबांना बातम्यांशिवाय करमत नसेल तर आधी सांगून ठेव. मोबाईलला रेंज पण बहुतेक ठिकाणी नसते, नकाशे ऑफलाइन उतरवून घे.

शनिवार अख्खा कारंज्यांचा. सकाळी घाई नको, नाश्ता, परत एकदा ओल्ड फेथफुल खिडकीतून. भोवतीचा रस्ता सपाट आहे, आईच्या गुडघ्याला चालेल, जागोजागी बसत जा. ग्रँड प्रिझमॅटिक दुपारी चारच्या सुमाराला, तेव्हा ऊन असतं, हवा तापलेली असते म्हणजे वाफ विरळ, आणि गर्दी उतरायला लागलेली. लाकडी फळ्यांच्या वाटेवरून अगदी काठानं जाता येतं, पण ते शंभर मीटरच्या आसपास रुंद आहे, काठावरून पूर्ण रंग दिसत नाहीत. फोटोत असतं तसं बघायचं तर फेअरी फॉल्सच्या वाटेनं किलोमीटरभर चालून टेकाडावर चढावं लागतं, शेवटी तीसेक मीटर चढ आहे. बाबांना झेपेल, आई खाली काठावरच खुश राहील. आणि तिथं वारा लई असतो रे, त्या झऱ्यात कितीतरी लोकांच्या टोप्या उडून पडतात, काढायला आपल्याला जाता येत नाही. बाबांची पांढरी टोपी असली तर मफलरनं बांध.

बाबा विज्ञानाचे मास्तर असले-नसले तरी त्यांना तिथं हे सांग. मधला निळा भाग सगळ्यात कडक, तिथं जवळपास काही जगत नाही. कडेला पाणी जसं निवत जातं तशी पिवळी, नारंगी, तांबूस वर्तुळं, ते रंग म्हणजे दगड नाही, जिवंत जिवाणू, ज्याला जेवढी उष्णता सोसते तो तिथं. अशाच एका तिथल्या गरम झऱ्यात १९६६ साली थॉमस ब्रॉक नावाच्या शास्त्रज्ञाला एक जिवाणू सापडला, थर्मस अ‍ॅक्वाटिकस, त्याचं एन्झाइम उकळत्या तापमानाजवळ पण मोडत नाही, म्हणून पुढं पीसीआर टेस्टला तेच कामाला आलं. कोरोनात लातूरला नाकात काडी घालून रिपोर्टची वाट बघत बसला असतील ना बाबा? त्या रिपोर्टची मूळ वाट ह्या झऱ्यांपाशी जाते. आमचे हे ऐकून त्या काठावर दहा मिनिटं उभे होते, काही न बोलता, हे म्हणजे रेकॉर्ड.

आणि कारंजं कसं उडतं ते आईला तूच सांग, तिला लगेच कळेल. कुकरची वाफ पूर्ण जिरायच्या आत झाकण ओढलं की वरण छताला जातं, तेच. खाली तापलेला खडक, वर अरुंद नळीत पाण्याचा उभा खांब. वरच्या पाण्याच्या वजनानं खालच्याला उकळता येत नाही, ते शंभराच्या वर तापत राहतं. मग वरचं थोडं पाणी उतू गेलं की वजन हललं, आणि खालचं सगळं एकदम वाफ होऊन सुटतं. ते मधले मधले पाच फुटी फसवे उडे असतात ना, ते म्हणजे झाकण सैल व्हायलेलं.

आता आईची भीती. ही मी हसण्यावारी नेणार नाही आणि तू पण नेऊ नको. तुझा जन्म बहुतेक नंतरचा, तुझ्यासाठी ३० सप्टेंबर १९९३ ही तारीख आहे, तिच्यासाठी ती रात्र आहे. गणपती बोळवून लोक झोपलेले, पहाटे चारच्या सुमाराला घरं अंगावर आली. आम्ही अंबाजोगाईत होतो, भांडी पडली तेवढंच, पण त्यानंतर कित्येक महिने मी सुद्धा अंगणात झोपलेय. तेव्हा "काही होत नाही गं आई" असं म्हणू नको, ती ऐकून घेईल आणि तीन दिवस मनातून थरथरत राहील. खरं ते सगळं आधी घरी, सॉल्ट लेकला चहा पिताना सांग. सांग की हो, खाली ज्वालामुखी आहे, मोठा आहे. शेवटचा प्रचंड स्फोट साधारण सहा लाख तीस हजार वर्षांमागं झाला, शेवटचा लाव्हा वाहून सत्तर हजार वर्षं झाली. सांग की तिथं वर्षाला दीड-दोन हजार धक्के यंत्रात नोंदले जातात पण बहुतेक माणसाला कळत पण नाहीत, आणि त्यावर शास्त्रज्ञ बारा महिने नजर ठेवून बसलेत. १९५९ ला शेजारीच ७.३ चा मोठा भूकंप झाला होता, माणसं दगावली, हे पण लपवू नको, कारण लपवलेलं तिला तिथल्या पाटीवर वाचायला मिळालं तर मग तुझं दुसरं काही ती खरं धरायची नाही. पण त्याच्या पुढचं पण सांग, की ते लाकडाचं ओल्ड फेथफुल इन त्या भूकंपात सुद्धा उभं राहिलं. किल्लारीत माणसं मारली ती दगड-मातीच्या जाड भिंतींनी, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहितीय. ओंडक्यांचं घर म्हणल्यावर ती अर्धी तयार होईल बघ. उरलेली अर्धी तिच्यावर सोड, नाहीच म्हणाली तर बाबांना घेऊन जा आणि तिला मैत्रिणीकडं ठेव, ओढून नेऊ नको.

आली तर मात्र दुसरीच काळजी सुरू. आपल्या किनवटचं उनकेश्वर तिला माहीत असेल, गंधकाचं गरम पाणी, अंघोळ केली की खरूज-नायटा जातो म्हणतात. इथं पण तोच गंधकाचा वास, नासक्या अंड्याचा, आणि तो वास आला की आपल्या बायकांचा हात आपोआप पाण्याकडं जातो, निदान दोन थेंब डोळ्याला. सक्त नाही. ते पाणी उकळतं असतं, काठाची जमीन वरून टणक दिसते पण पापडासारखी पातळ असते, फळ्यांची वाट सोडली की संपलं. भाजून आजवर तिथं वीसच्या वर माणसं गेलीत. नाणं पण टाकू द्यायचं नाही, हळद-कुंकू पण नाही. मॉर्निंग ग्लोरी नावाचं एक निळंशार कुंड होतं, लोकांनी नाणी अन् कचरा टाकून टाकून त्याची तोंडं बुजवली, पाणी निवलं आणि कडेनं पिवळं पडलं.

अंघोळीची हौस असली तर परतीच्या वाटेवर भागव. आयडाहोत पोकाटेलोच्या जवळ, हायवेपासून थोडं आत, लाव्हा हॉट स्प्रिंग्स म्हणून गाव आहे, बांधलेली कुंडं, साधारण ३९ ते ४४ अंशांचं पाणी आणि गंधकाचा वास नाही. रविवारची रात्र तिथं काढ. आईचा गुडघा त्या पाण्यात जे म्हणेल ते कुठलं मलम म्हणणार नाही. बाबांना मात्र बीपी-शुगर असल्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, विचारून सुद्धा कमी गरम कुंडात, थोडाच वेळ.

रविवारी पहाटे मात्र उठवायचं. एवढी एकच पहाट. ओल्ड फेथफुलहून वेस्ट थंबवरून तळ्याच्या कडेनं हेडन व्हॅलीत उजाडता उजाडता पोचायचं, तिथं नदीकाठी गवताळ माळ आहे आणि माळावर गवे. बायसन म्हणतात, नर नऊशे किलोपर्यंत जातो. वाघ नाही तिथं, बाबांना आताच सांगून टाक म्हणजे तीन दिवस झाडीत शोधत बसणार नाहीत. वाघ बघायचा तर गावाकडं आल्यावर टिपेश्वरला जाऊ म्हणावं, नांदेडहून लांब नाही. इथं अस्वलं आहेत, आणि लांडगे. लांडगे शंभर वर्षांमागं मारून संपवले होते, १९९५ ला कॅनडातून आणून परत सोडले. लांडगे बघायला सगळे लामार व्हॅलीत जातात पण ती पार ईशान्येच्या टोकाला आहे, तुमच्या ह्या ट्रिपमध्ये बसत नाही. तुझ्या शीटमध्ये ती रविवारी दुपारी दीड ते दोन अशी आहे, ते वाचून मी चहा सांडला.

गव्याचं एक नीट ऐक. तो शांत उभा असतो, डोळे अर्धे मिटलेले, रवंथ करायलाय, आणि आपल्या लोकांना वाटतं घरचाच आहे. आमचे हे शेतकऱ्याच्या पोटचे, पोळ्याला माजलेला बैल शिंगाला धरून धुतलेला माणूस, गाडीतून उतरून निघाले "रेड्यासोबत" फोटो काढायला. रेंजर बाई ओरडली, मी तिच्यापेक्षा मोठ्यानं ओरडले. तो गवा माणसाच्या तिप्पट वेगानं पळतो, ताशी पंचावन्न किलोमीटर, आणि तिथं जनावरांपासून इजा होते त्यात सगळ्यात पुढं गवाच, अस्वल नाही. नियम असा की गवा-एल्कपासून २३ मीटर, अस्वल-लांडग्यापासून ९१ मीटर. २३ मीटर म्हणजे दोन एसट्या एकामागं एक उभ्या केल्यावर होतात तेवढं, बाबांना असं सांगितलं की पक्कं बसेल. शेपूट वर उभी केली की तो चिडला, हे मात्र ह्यांनी सगळ्यांच्या आधी ओळखलं, बैलावरून. आणि पिल्लू एकटं दिसलं म्हणून कुणी कळवळायचं नाही. २०१६ मध्ये दोन पर्यटकांनी थंडी वाजत असेल म्हणून एक पिल्लू गाडीत घालून आणलं, कळपानं ते परत घेतलं नाही आणि शेवटी त्याला मारावं लागलं.

हेडननंतर कॅनियन. आर्टिस्ट पॉइंटला पार्किंगपासून थोडंच चालायचं, सकाळचं ऊन खालच्या धबधब्यावर येतं, ९४ मीटरचा आहे, आणि दरीचे कडे पिवळे. धबधब्याच्या अगदी तोंडापर्यंत उतरणारी वाट आहे तिथं पाटी बघून भुलू नको, उतरताना काही नाही, चढताना आईचा गुडघा आणि बाबांचा दम. मग नॉरिसवरून मॅडिसन आणि बाहेर. मॅमथच्या गरम झऱ्यांच्या पांढऱ्या पायऱ्या राहिल्या तर राहिल्या.

पैशाचं एक बघ. गाडीला सात दिवसांचे ३५ डॉलर हे तुला माहीत असेल, पण २०२६ पासून बाहेरच्या देशातून आलेल्या सोळा वर्षांवरच्या पाहुण्यांना येलोस्टोन धरून अकरा पार्कांत माणशी १०० डॉलर वेगळे लावलेत, आणि वर्षाचा पास तिथल्या रहिवाशांना ८० ला तर बाहेरच्यांना २५० ला. आई-बाबा बाहेरचे, तू रहिवासी, एका गाडीत. कुठला पास घेतला की कुणाला काय लागतं ते गेटवर नाही, घरीच पार्कच्या साइटवर नीट वाचून ठरव, फरक बारीक नाही.

खाणं. आतल्या कॅफेटेरियात सलाड, चिप्स, पास्ता, पिझ्झा असलं मिळतं, दोन दिवसांत बाबा भाकरीच्या आठवणीनं व्याकूळ होतील. आईला म्हणावं निघायच्या आदल्या रात्री धपाटे आणि दशम्या कर, शेंगदाण्याची चटणी, आणि गावाकडून येताना आमटीसाठी येसर दळून आण. दोन मोठे थर्मास घे, सकाळी कॅफेटेरियातून गरम पाणी भरायचं, वाटीत येसर, मीठ, गरम पाणी, धपाट्यासोबत. घरच्या फोडणीच्या आमटीची सर येत नाही पण तिथल्या थंडीत डोळ्यात पाणी येतं. पार्कात जागोजाग पिकनिकची टेबलं आहेत, कॅनियनजवळच्या एखाद्या टेबलावर बसा. खाल्लं की पिशवी लगेच गाडीत, टेबलावर सोडून पाच पावलं पण जायचं नाही, अस्वलासाठी नियम आहे तो आणि कावळ्याचं मी सांगितलंच. विमानातून येसर-मसाला आणताना कस्टमला खाण्याचे पदार्थ आहेत असं सरळ जाहीर करायला सांग, लपवायच्या भानगडीत पडू नका. फळं, बियाणं, तुळशीचं रोप असलं काही नको. तुळशीचं आई विचारणार, मला माहितीय.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. तिथले बरेचसे संडास बिनपाण्याचे असतात, खाली खड्डा, वर कमोड, नळ नाही. गाडीच्या डिकीत वीस लिटर पाण्याचा कॅन आणि दोन रिकाम्या बाटल्या ठेव. बाबा तोंडानं सांगणार नाहीत, पण दिवसभर त्याच टेन्शनमध्ये पाणी कमी पितील, आणि बीपी-शुगरच्या माणसानं त्या उंचीवर पाणी कमी पिणं बरं नाही. पहिल्याच थांब्याला बाटली भरून न बोलता त्यांच्या हातात दे.

बुकिंग झालं की कळव. शीट पाठवू नको.

– काकू